नाकवाल्यांचा मेल

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे नाकवाले म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. फोन उचलला की तेच म्हणायचे, "बोला, नाकवाले बोलतोय."

नाव पडायला कारण होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या टाक्यांमधून, पंपांवरून, तलावातून रोज सकाळी आमच्याकडे काचेच्या बाटल्या यायच्या. पाण्यात काय काय विरघळलंय ते सांगणारी यंत्रं होती, पण पाण्याला वास येतो का आणि कसला, याचा निकाल माणसाच्या नाकानेच लागायचा. बाटली कोमट करायची, झाकण घट्ट लावून हलवायची, मग झाकण काढून नाकाजवळ धरायची. काम एवढंच, पण एकोणतीस वर्षं ते एकाच माणसानं केलं होतं. बाविसाव्या वर्षी बाटल्या धुवायला लागलेला हा माणूस एक दिवस धुता धुता म्हणाला, "ही मातकट येतेय." तेव्हाच्या साहेबांनी थट्टेनं आणखी दहा बाटल्या पुढे ठेवल्या. दहाही त्यांनी बरोबर सांगितल्या. त्या दिवसापासून त्यांचं धुण्याचं काम सुटलं.

मी तिथे अहवाल टाइप करायचे. त्यांच्या हातचे शेरे माझ्याकडे यायचे: मातकट, किंचित. शेवाळी. क्लोरीनचा, चालण्याजोगा. एकदा नुसतं 'ओल्या पुठ्ठ्यासारखा' असं लिहिलं होतं. मला हसू आलं, पण शोध घेतला तर त्या टाकीत खरंच कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं पडू दिलेलं निघालं.

नाकासमोर चालणारा माणूस. घरी साबण बिनवासाचा, बायकोच्या केसांचं तेलही बिनवासाचं, कामाच्या दिवशी डब्यात लसूण नाही. नाकाला जपायचं म्हणून सगळं घर जपून राहायचं.

गेल्या थंडीत त्यांना आठवडाभर ताप आला. ताप उतरला, ते कामावर आले, पहिली बाटली उघडली, तर काहीच नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. जिचं झाकण काढलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ती क्लोरीनची बाटली नाकाला टेकवली, तरी काही नाही. त्यांना आधी वाटलं, बाटल्यांचंच काहीतरी चुकलंय. मग वाटलं, दोन दिवसांत येईल. मग दोन आठवड्यांत येईल.

कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

शेजारच्या टेबलावर मायक्रोस्कोपवाल्या बाई बसायच्या. पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, पाण्यातले जीवजंतू मोजणाऱ्या. एक दिवस नाकवाले बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "बाई, बघा बरं, तुम्हाला काय वाटतं? माझं नंतर सांगतो." बाईंनी बिचकत हुंगलं. "शेवाळी?" नाकवाल्यांनी मान डोलावली, "बरोबर," म्हणाले आणि टेबलावर येऊन लिहिलं: शेवाळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाईंना वाटलं, हा माणूस आता निवृत्तीकडे आला, आपल्याला शिकवतोय. बाईंनीही डब्यात लसूण टाकणं बंद केलं. असे तीन महिने गेले.

नाकवाल्यांची एक ताई होती, दुसऱ्या शहरात. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. पण ताई फोनवर समोरच्याला बोलूच देत नसे, त्यामुळे मनातलं काही सांगायचं तर लिहूनच सांगावं लागे. एका मंगळवारी संध्याकाळी, सगळे निघाल्यावर, त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ताईला मेल लिहिला. पत्त्याच्या जागी नेहमीसारखं 'ता' टाइप केलं, पहिलं नाव आलं ते न बघता एंटर दाबलं आणि मजकूर लिहायला बसले.

'ता' टाइप केलं की रोज 'ताई' यायचं. पण त्या दुपारी त्यांनी कमी पडलेल्या बाटल्यांची यादी विभागाला पाठवली होती, आणि कॉम्प्युटरनं आपल्या शहाणपणानं ते नाव वर आणून ठेवलं होतं. 'तांत्रिक विभाग – सर्व'. आम्ही एक्केचाळीस जण.

विषय होता: 'फक्त तुला सांगतोय'.

मी तो घरी जेवता जेवता फोनवर उघडला. वाटलं, बाटल्यांविषयी काही असेल.

'ताई, तुला सोडून कुणाला सांगू? तीन महिने झाले, मला वास येत नाही. कसलाच. सकाळी चहा म्हणजे गरम पाणी. नुसता बाटल्या उघडतो आणि बंद करतो. शेजारच्या बाईंना हुंगायला देतो आणि त्या म्हणतील ते लिहितो. त्या बिचारीला वाटतं, मी तिला शिकवतोय. आमचे साहेब सेंट मारून येतात त्याचा आता त्रास होत नाही, एवढाच काय तो फायदा. ताई, नाकच गेलं तर इथे माझं काय काम? एकोणतीस वर्षं मी दुसरं काही शिकलोच नाही.'

माझा घास हातातच राहिला. हे मी वाचायला नको होतं एवढं कळत होतं, पण आता न वाचलेलं कसं करायचं ते कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी आठ वाजता साहेबांचा मेल आला. नाकवाल्यांना वगळून सगळ्यांना. 'कालच्या मेलला कुणीही उत्तर देऊ नये. मी दुपारी तीनला परत येऊन त्यांच्याशी स्वतः बोलेन. तोवर सर्वांनी नेहमीसारखं वागावं.'

नेहमीसारखं वागा असं सांगितलं की आपण नेहमी कसं वागतो तेच आठवत नाही.

नाकवाले नऊला आले. ते जिना चढून आत आले आणि यंत्रांच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. गेल्या वीस वर्षांत ज्यानं त्यांना कधी साधं 'या' म्हटलं नव्हतं तो यंत्रवाला उठून उभा राहिला आणि त्यांना खुर्ची देऊ लागला.

"अहो, मला माझी खुर्ची आहे," नाकवाले म्हणाले.

"आहे, आहे. तरी बसा."

ते आपल्या टेबलाशी गेले. टेबलावर नाकात घालायच्या थेंबांची बाटली होती. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. कुणीतरी विसरलं असेल म्हणून ती हातात घेऊन हा सरळ माणूस टेबलाटेबलापाशी विचारत फिरला, "ही तुमची का?" ज्याला विचारावं तो मान खाली घालून "नाही, नाही" म्हणे. माझ्यापाशी आले. ती बाटली मीच ठेवली होती. मीही म्हणाले, "माझी नाही."

"कमाल आहे," ते म्हणाले. "इतक्या जणांपैकी कुणालाच सर्दी नाही."

खाली नमुने घेतात त्या खिडकीपाशी गेले. "आज बाटल्या आल्या नाहीत?"

खिडकीवरचा म्हणाला, "आल्यात. पण साहेबांनी थांबवायला सांगितल्यात."

"का?"

"ते मला माहीत नाही," असं म्हणून त्यानं इतक्या प्रेमानं त्यांच्याकडे पाहिलं, की नाकवाल्यांनी घाबरून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. बटणं बरोबर लागली होती.

मग बाईंकडे गेले. बाकी सगळे त्यांच्याशी गोड बोलत होते, बाई मात्र मायक्रोस्कोपातून डोळा काढेनात. "बाई, आज काही..."

"आज शिकवणी नको," बाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "बिचारीला सुट्टी द्या."

नाकवाले तिथेच उभे राहिले. 'बिचारी' कोण, शिकवणी कसली, काही कळेना. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या दोन-तीन तासांत त्यांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. आधी वाटलं आपली बदली झाली. मग वाटलं, एखादा अहवाल चुकला आणि कुठेतरी लोक आजारी पडले. पण मग लोक रागवायला हवेत, हे तर खुर्च्या देतायत. शेवटी त्यांना वाटलं, घरी काहीतरी वाईट झालंय आणि ते आपल्याला सांगायचं कुणी, यावर सगळे अडलेत. व्हरांड्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"आहे की. का? काय झालं?"

"तेच तर कळत नाहीये."

"मग मला कशाला घाबरवताय?"

"तू ठीक आहेस ना पण?"

"आत्तापर्यंत होते," बायको म्हणाली.

परत जागेवर आले आणि आठवलं, ताईचं उत्तर आलेलं नाही. ताई सकाळी उठली की आधी उत्तर लिहायची. ती रागावली की काय? काल आपण नेमकं काय लिहिलं ते बघावं म्हणून त्यांनी पाठवलेले मेल उघडले.

पत्त्याच्या जागी होतं: 'तांत्रिक विभाग – सर्व'. त्यांनी ते तीनदा वाचलं. क्षणभर, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "ताई आपल्या विभागात कधी लागली असं वाटलं." मग सगळं एकदम लख्ख झालं. खुर्ची, थेंब, थांबवलेल्या बाटल्या, बाई.

मी समोरच बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आम्ही सगळे कामात बुडाल्याचं सोंग करत होतो. मग त्यांना त्या मेलखाली एक बटण दिसलं: परत घ्या. बुडत्या माणसाला कुणी हात द्यावा तसं ते त्यांना वाटलं. लगेच दाबलं.

टिंग. माझ्या कॉम्प्युटरवर. टिंग, टिंग, सगळ्या खोलीभर. 'प्रेषकाने "फक्त तुला सांगतोय" हा मेल परत घेण्याची विनंती केली आहे.' मेल काही परत गेला नाही. उलट जे रजेवर होते, जे बाहेर नमुने गोळा करत फिरत होते, ज्यांनी तो अजून उघडलाच नव्हता, अशा पाच-सहा जणांनी एवढं काय आहे म्हणून तो ताबडतोब वाचला.

नाकवाल्यांचा पुरता गोंधळ उडाला होता. आता माफी तरी मागावी म्हणून त्यांनी नवा मेल लिहिला: 'आदरणीय सहकाऱ्यांनो, माझ्याकडून काल घोडचूक झाली. कृपया तो मेल वाचू नये, वाचला असल्यास विसरावा.' पत्त्यात 'ता' टाइप केलं, कालची चूक नको म्हणून पहिलं नाव सोडून दुसरं निवडलं आणि पाठवला. आम्ही वाट पाहत बसलो. टिंग काही झालं नाही.

पाच मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. ताईचा आवाज फोनबाहेर आम्हालाही ऐकू येत होता.

"अरे, मी तुझी आदरणीय सहकारी कधीपासून झाले? आणि कुठला मेल वाचू नको म्हणतोस? मला काही आलेलंच नाही! बरा आहेस ना? पडलास का? डोक्याला काही लागलं का?"

"ताई, ऐक," ते म्हणाले. ताई ऐकेना. मग ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "ताई, मला वास येत नाही! तीन महिने! आता सगळ्यांना माहीत झालंय, तूच तेवढी राहिलीस!"

पलीकडे ताई गप्प झाली. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

तीनला साहेब आले. माझं टेबल त्यांच्या खोलीला लागून, मधली भिंत लाकडी, त्यामुळे कान न लावताही ऐकू येत होतं.

"या तीन महिन्यांत एकही निकाल चुकला का?"

"नाही साहेब. नाक बाईंचं होतं."

"सही तुमची होती."

"हो. ते चुकलं."

"पण नाक बाईंचंच होतं हे सिद्ध कसं करायचं? त्या काय म्हणाल्या ते तुम्हीच लिहिलंत."

तेवढ्यात बाई माझ्या टेबलावरून पुढे गेल्या आणि दार न वाजवता आत शिरल्या. हातात एक वही होती. रोज घरी जाण्याआधी त्या लिहून ठेवायच्या: तारीख, बाटलीचा क्रमांक, आपल्याला आलेला वास. शिकणारा माणूस ठेवतो तशी. साहेबांनी नाकवाल्यांचं रजिस्टर मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पानं उलटली. सगळं जुळत होतं. जुळणारच. पण वहीत प्रत्येक ओळीपुढे बाईंनी एक बरोबरची खूण केली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सरांचंही हेच.' तीन महिन्यांच्या खुणा होत्या.

नाकवाल्यांनी त्या खुणा एकेक करून बघितल्या. "बाई," एवढंच म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर मी रोज हुंगून दिलं असतं," बाई म्हणाल्या. "घरी सगळ्यांना सांगून बसले होते, सर मला विचारतात म्हणून. आता सगळ्या विभागाला माहीत झालं, का विचारत होते ते."

"मी बिचारी लिहायला नको होतं."

"नको होतं."

त्या वही तिथेच ठेवून निघून गेल्या. मग साहेब अवघडून म्हणाले, "आणि ते सेंटचं... फार येतो का वास?"

"मला आता काय कळणार, साहेब?" नाकवाले म्हणाले.

आठवड्याभरात पक्कं झालं. वासाचं टेबल बाईंना मिळालं, सहीसकट. नाकवाल्यांच्या फाइलमध्ये एक ताकिदीचं पत्र लागलं आणि त्यांना खालच्या खिडकीवर नमुने घ्यायला बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईल किंवा येणार नाही. बायकोला त्यांनी त्याच बुधवारी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मागच्या महिन्यात दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. वाटलं, सांगतील तेव्हा सांगतील." हे ऐकून ते आणखीनच गोंधळले. घरात माहीत होतं, विभागाला माहीत झालं, मग आपण तीन महिने लपवलं ते कुणापासून?

ऑफिसचा कॉम्प्युटर बघणारा एक दिवस येऊन त्यांच्याशेजारी बसला. त्यानं सांगितलं, पत्ता शेवटी भरायचा. आधी मजकूर लिहायचा, वाचायचा, आणि मग कुणाला पाठवायचा ते लिहायचं, म्हणजे चुकून बोट लागलं तरी मेल कुठे जाणार नाही. पाठवलेला मेल दोन मिनिटं थांबून मगच निघेल अशी सोयही त्यानं करून दिली. घरचं ऑफिसच्या पत्त्यावरून लिहायचंच नाही, हे तर होतंच. ताईचं नाव त्यांनी बदलून 'मोठी बहीण' केलं. 'मो'नं सुरू होणारा कुठलाच विभाग नाही याची आधी खात्री करून घेतली. आणि मग आम्हाला वात आणला. मी अहवाल पाठवायला बसले की कधी कधी वर येऊन मागे उभे राहत. "पत्ता मोठ्यानं वाचा," म्हणत. मला राग यायचा. पण मी वाचायचे. एकदा त्यामुळेच एका टाकीचा अहवाल भलत्याच कार्यालयाला जाता जाता राहिला.

बाई पहिले पंधरा दिवस खिडकीवरून बाटल्या घेताना पावतीवर सही करायच्या आणि जायच्या. एकदा मात्र बाटली हातात घेऊन थांबल्या. "हा वास काही कळत नाहीये. तुम्ही एकदा लिहिलं होतं ना, ओल्या पुठ्ठ्यासारखा? तो कसा असतो?" नाकवाले बराच वेळ विचार करत राहिले. मग आठवून आठवून सांगू लागले, आणि बाई उभ्या राहून लिहून घेऊ लागल्या.

त्या एक्केचाळीस जणांच्या यादीत शहराबाहेरच्या पंपावरचा एक माणूसही होता. आम्ही त्याला फक्त सहीवरून ओळखत होतो. महिन्याभरानं त्याचा नाकवाल्यांना मेल आला, एकट्यांना. 'तुमचा मेल वाचला. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. पंपाचा आवाज बदलला की मशीन बंद करायची, हे माझं काम आहे. कुणाला सांगू नका.'

नाकवाल्यांनी उत्तर लिहिलं नाही. मेलवर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. एका रविवारी बसनं तासभर प्रवास करून ते पंपावर गेले. तो माणूस दारातच म्हणाला, "मी तुम्हालाच पाठवला ना? फक्त तुम्हालाच? सात वेळा पत्ता बघितला होता."

"फक्त मलाच."

मग दोघं पंपघराबाहेर बाकावर बसले. नाकवाले त्याच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे त्याला ऐकू येईल. काय बोलायचं हे त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं, पण तिथे ते सगळं विसरले. शेवटी म्हणाले, "मी तुमचं सांगणार नाही. पण तुम्ही सांगा. माझ्यासारखं उघड झालं तर फार वाईट वाटतं. आपण सांगितलं तर कसं वाटतं ते मला माहीत नाही, पण इतकं वाईट नसेल."

त्यानं पुढच्या आठवड्यात आपल्या साहेबांना सांगितलं. कान तपासले. उजवा गेलेलाच होता, डावाही कमी निघाला. त्याला पंपावरून काढून नमुन्यांच्या गाडीवर लावलं. आता दर सोमवारी तो बाटल्यांची पेटी घेऊन आमच्या खिडकीशी येतो, पेटी ठेवतो, सही करतो. नाकवाल्यांनी केलं ते बरं केलं की वाईट, हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांनी त्याला दोनदा विचारलंही, "तुम्ही माझ्यावर रागावलात का हो?" दोन्ही वेळा तो "बरं, येतो" म्हणाला आणि गाडीकडे वळला. त्याला ऐकू आलं नाही, की उत्तर द्यायचं नव्हतं, हे खिडकीतून काही सांगता येत नाही.